सूडकथेतील मौन आणि वाचकाचे तर्क

कथा संपली तरी वाचकाचे मन तिच्यातून बाहेर पडत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. त्यातही कथा सूडाची असेल आणि तिच्यातील एखादी गाठ न उकलताच राहिली असेल, तर वाचकाला चैन पडत नाही. आज शाळेतील मुले संगणकावरील खेळांत रंगविलेल्या सूडकथांविषयी मधल्या सुट्टीत वाद घालतात : खलपुरुष खरोखरच मेला काय? ज्या अपराधाचा सूड घेतला गेला, तो त्यानेच केला होता काय? आपण शिक्षक याला वेळेचा अपव्यय म्हणून मोकळे होतो. परंतु महाभारताच्या बाबतीत हाच उद्योग आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे, आणि त्यातील काही तर्कांचा आपण उत्तम टीका म्हणून गौरवही केला आहे. मग कोणत्या तर्काला टीकेचा मान द्यावा आणि कोणत्याला देऊ नये, हे ठरविणे आपणांस भाग आहे.

असल्या तर्कांवर एक प्रसिद्ध आक्षेप आहे. ए. सी. ब्रॅड्ली यांनी शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरील १९०४ च्या ग्रंथात, पित्याच्या मृत्युसमयी हॅम्लेट कोठे होता, याची स्वतंत्र टिपणात चर्चा केली. पुढे १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी, लेडी मॅक्बेथला मुले किती होती, असा प्रश्नच आपल्या निबंधाच्या शीर्षकस्थानी ठेवून या वृत्तीचा उपहास केला. पात्रांना कलाकृतीबाहेर आयुष्य नसते, हा या आक्षेपाचा आशय. तो अर्थातच दुर्लक्षणीय नाही. परंतु महाभारत हे एका हातचे बंदिस्त नाटक नव्हे. सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी ते वाढविले आहे. अशा ग्रंथात वाचकाचा तर्क बाहेरून आलेला आगंतुक ठरत नाही. मात्र त्याने आपला दाखला दाखविला पाहिजे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली चिकित्सक आवृत्ती या कामी आपल्या हाताशी आहे.

प्रथम सर्वांत लोकप्रिय तर्क घेऊ. दुर्योधनाच्या मनात एवढा सूड कशाने पेटला? मयसभेत तो पाण्यात पडला, द्रौपदी हसली आणि पित्याच्या अंधत्वावरून तिने त्याला टोमणा मारला, असे उत्तर कोणीही देईल. प्रस्तुत लेखकानेही ते अनेक वर्षे वर्गात दिले आहे. चिकित्सक आवृत्तीच्या सभापर्वात हा टोमणा नाही. दुर्योधनाची फजिती कथाकार स्वतः सांगतो, तेव्हा सेवक हसतात, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. द्रौपदीचे नावही तेथे येत नाही. पुढे हस्तिनापुरात दुर्योधन तीच हकीकत धृतराष्ट्राला सांगतो, आणि त्याच्या तोंडून मात्र द्रौपदी आपल्या स्त्रियांसह हसल्याचे येते. एवढेच नव्हे, तर कृष्णही हसला, असे तो सांगतो. वास्तविक कृष्ण द्वारकेस निघून गेल्यावर दुर्योधन व शकुनी त्या सभेत मागे राहिले, असे कथाकाराने आधीच नोंदविले आहे.

मग द्रौपदी हसली की नाही? ग्रंथ याचा निवाडा करीत नाही, आणि हे मौन मला मोलाचे वाटते. अपमानित मन आपल्या अपमानाचे साक्षीदार कसे वाढविते, हे या दोन हकीकतींच्या अंतरातून दिसते. ज्यांच्या हसण्याने अधिक झोंबावे, त्यांना ते मन आपण होऊन तेथे आणून बसविते. लोकप्रिय तर्काने हे अंतर बुजविले आणि महायुद्धाचे खापर एका स्त्रीच्या जिभेवर फोडले. वस्त्रहरणाचा अपराध त्यामुळे आपोआप हलका होतो. या तर्काला दाखला नाही, आणि दुर्योधनाच्या मनाविषयी तो आपणांस काही नवे सांगतही नाही.

दुसरा तर्क अगदी निराळ्या तोलाचा आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) या ग्रंथात, युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा काय, असा प्रश्न उपस्थित केला. त्यांचे दाखले ग्रंथातलेच आहेत. विदुर हा शापामुळे जन्मलेला धर्म. युधिष्ठिर धर्माचा पुत्र. विदुर पांडूचा धाकटा भाऊ, म्हणजे नियोगाला योग्य. आश्रमवासिक पर्वात अरण्यात पळणाऱ्या, कृश, मलिन विदुराच्या मागे युधिष्ठिर आपले नाव सांगत धावतो आणि विदुर योगबलाने त्याच्या देहात प्रवेश करतो. मरणोन्मुख पिता आपले सर्वस्व पुत्राच्या ठायी ठेवतो, या उपनिषदांतील विधीची येथे आठवण होते.

या तर्कात मला आणखी एक धागा जोडावासा वाटतो. रंगभूमीवर भीम कर्णाच्या कुळाचा उपहास करतो, तेव्हा दुर्योधन उलटून म्हणतो, की तुमचे जन्म कसे झाले तेही राजांना ठाऊक आहे. सूतपुत्र म्हणून कर्णाला हिणविणाऱ्यांचा वडील भाऊच दासीपुत्राचा मुलगा ठरला असता, तर? ग्रंथाने येथे मौन का पाळावे, याचेही कारण मग दिसू लागते. तर्क सिद्ध होत नाही; कर्वे यांनीही त्याला सिद्धान्त म्हटलेले नाही. परंतु तो ऐकल्यावर विदुराची प्रत्येक हितोक्ती पुन्हा वाचावीशी वाटते. पुत्राला पुत्र म्हणू न शकणारा पिता त्या सभेत बसला होता, ही शक्यता द्यूताच्या प्रसंगाला नवी वेदना देते. तर्काने ग्रंथाकडे परत नेले, हेच त्याचे यश.

तिसरा तर्क कोणा एका लेखकाचा नाही. द्रोण आणि द्रुपद यांच्या वैरातून धृष्टद्युम्न जन्मतो. तो द्रोणाचा वध करतो. द्रोणपुत्र अश्वत्थामा निद्रिस्त छावणीत शिरून त्याला लाथांनी तुडवून मारतो आणि द्रौपदीचे पाचही पुत्र कापून काढतो. या साखळीच्या शेवटी अश्वत्थामा मरत नाही. रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, कोणाशी संभाषण न घडता तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप कृष्ण त्याला देतो. पुढे काय झाले, ते महाभारत सांगत नाही.

ते लोकांनी सांगितले. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरील शिवमंदिरात तो पहाटे फूल वाहून जातो, म्हणतात. नर्मदेच्या परिक्रमेत तो भेटतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, असेही सांगतात. मोहगाव-सौंसरच्या आमच्या भागालाही सातपुड्याचीच पाठराखण असल्याने ही कथा आम्हांस परकी वाटत नाही. ग्रंथाशी ताडून पाहता लोकांनी दोन बदल केले आहेत. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा मणी स्वतःच देतो, कपाळावरील जखमेचे वर्णन तेथे नाही; आणि शापाची मुदत लोकांनी विसरून टाकली आहे. तेव्हा दाखल्याच्या कसोटीवर हा तर्क लंगडा पडतो.

तरीही तो टाकून देण्यास माझे मन घेत नाही. शापात होते, की त्याच्याशी कोणी बोलू नये. लोकांनी त्याला वाटेवर आणून बोलते केले. बालहत्येचे पाप त्यांनी पुसले नाही, जखम भरू दिली नाही. फक्त थोडे तेल मागण्याची मुभा दिली. सूडाचा हिशेब जेथे संपत नाही, तेथे दयेला किती जागा उरते, हा महाभारताचाच प्रश्न त्यांनी आपल्या परीने पुढे नेला. द्रौपदीच्या टोमण्यालाही आधार नाही आणि या तेलालाही नाही. पण टोमण्याने अपराध्याचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर दिले, तेलाने ते त्याच्याच डोक्यावर राहू दिले. हा भेद मला निर्णायक वाटतो.

म्हणून मधल्या सुट्टीतील वादांकडे आपण जरा निराळ्या दृष्टीने पाहावे, असे माझ्या शिक्षकबंधूंस सुचवावेसे वाटते. मुलाला गप्प करण्याऐवजी त्याला दोन प्रश्न विचारावेत : हे तू कशावरून म्हणतोस? आणि हे खरे मानले, तर कोणाचा दोष कमी होतो? या दोन प्रश्नांना जो उत्तर देऊ लागला, त्याचा टीकेच्या अभ्यासास आरंभ झाला, असे मानण्यास हरकत नाही. द्रौपदीच्या हसण्याविषयी हे प्रश्न मला कोणी वेळेवर विचारले असते, तर मी वर्गात ते उत्तर इतकी वर्षे दिले नसते.