वेग वर्तुळाचा की शिस्तीचा?

अखंड येत राहणारी माहिती विनाविलंब पुढे पोचवायची, तर तिची मांडणी कशी करावी? संगणकशास्त्राच्या वर्गात याचे उत्तर ठरलेले असते: मागून भरावे, पुढून काढावे, म्हणजे रांग. भरण्या-काढण्याला लागणारा वेळ रांगेच्या लांबीवर अवलंबून नसतो, एवढे सांगून फळा पुसला जातो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ते का, हे समजण्यासाठी लंडनच्या एलमॅक्स या वित्तीय बाजारातील तंत्रज्ञांनी २०११ साली लिहिलेला ‘डिसरप्टर’वरील निबंध शिक्षकांनी जरूर वाचावा. मात्र तो डोळसपणे वाचावा.

निबंधात जावा भाषेतील एक तयार रांग आणि लेखकांचा डिसरप्टर यांची तुलना आहे. तीन टप्प्यांच्या साखळीतून ५ कोटी संदेश एकेक करून सोडले. दर टप्प्याचा सरासरी विलंब रांगेत ३२,७५७ नॅनोसेकंद भरला, तर डिसरप्टरमध्ये अवघा ५२!

डिसरप्टरची मांडणी वर्तुळाकार ॲरेची आहे. तेव्हा ‘वर्तुळ वेगवान’ असा निष्कर्ष विद्यार्थी चटकन काढतील. पण गंमत अशी, की तुलनेतली जावाची रांगही वर्तुळाकार ॲरेच आहे! भरणे-काढणे दोन्हींत स्थिर काळाचे. मग एवढा फरक आला कुठून?

शाळेचे मस्टर आठवा. एकच मस्टर, एकच किल्ली. सही करणाऱ्याने कपाट उघडायचे, बाकीच्यांनी ताटकळायचे. जावाच्या त्या रांगेत भरणारा आणि काढणारा एकाच कुलपाशी अडतात, झोपी जातात आणि त्यांना पुन्हा जागे करावे लागते. विलंबाचे मुख्य कारण हेच, असे लेखकही मान्य करतात. डिसरप्टरमध्ये प्रत्येकाचा अनुक्रमांक वेगळा. ज्याचा त्याने लिहायचा, इतरांनी फक्त वाचायचा. शिवाय खण आधीच तयार ठेवून पुन्हा पुन्हा वापरल्याने स्मृतीच्या साफसफाईचे काम घटते. वेग आला तो या शिस्तीमुळे. निबंधाचे खरे मोल इथे आहे.

उणिवा आकड्यांच्या मांडणीत आहेत. सारांशात विलंब सुमारे हजारपट कमी झाल्याचा दावा आहे. भागाकार केल्यास ६३० पट येतो. १०० पैकी ९९ संदेशांचा विलंब रांगेत २०,९७,१५२ नॅनोसेकंदांहून कमी आणि डिसरप्टरमध्ये १२८ हून कमी, असे तक्ता सांगतो. हे दोन्ही आकडे २ चे घात आहेत, म्हणजे मोजणीच्या खणांच्या कडा. त्यांना नेमके विलंब मानू नये. सरासरी ५२ असली तरी डिसरप्टरचा कमाल विलंब १,७५,५६७ नॅनोसेकंद आहे, हेही नजरेआड करू नये. आणि सर्वांत जलद मार्गाची किंमत मोठी: वाट पाहणारा झोपतच नाही, सतत डोकावत राहतो आणि प्रोसेसरचा एक गाभा अडवून बसतो. साध्या कामाला ही चैन परवडणारी नाही.

म्हणून वर्गात ‘कोणती मांडणी?’ एवढ्यावर थांबू नये. ‘लिहिणारे किती, थांबणारा कसा थांबतो आणि मोजले काय?’ हेही विचारावे. फळ्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन रांगा यंत्रात इतक्या वेगळ्या का वागतात, ते मग मुलेच सांगतील.