कपडा कुणी निवडला?

फेब्रुवारी २०२२च्या ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर नऊ मॉडेल एकत्र झळकल्या, साऱ्याच आफ्रिकन वंशाच्या. संपादक होते घानात जन्मलेले एडवर्ड एनिनफुल, छायाचित्रकार ब्राझीलचे रफाएल पावारोत्ती. अंकाचं भरपूर कौतुक झालं, पण आफ्रिकन वाचकांनी लगेच बोटही ठेवलं: नऊ जणींच्या त्वचेच्या नऊ छटा एकाच गडद रंगात का बुडवल्या? त्यांच्या केसांवर सरळ केसांचे टोप कशासाठी? या वादात मला आफ्रिकन फॅशन-छायाचित्रणाची आजची अवस्था दिसते. आफ्रिकन चेहरा जगाच्या मोठ्या मासिकांत पोचला आहे. त्याने कसं दिसावं, काय ल्यावं, हे ठरवणारा हात मात्र पुष्कळदा अजून परका आहे.

म्हणून ही चित्रं पाहताना मी एक प्रश्न सतत विचारतो: चित्रातल्या माणसाने हा कपडा निवडला आहे, की तो त्याच्यावर चढवला आहे?

हा प्रश्न या परंपरेच्या मुळातच आहे. सेदू केइता यांनी १९४८ साली मालीतल्या बामाको शहरात, रेल्वे स्थानकाजवळ, आपला स्टुडिओ थाटला. अंगणातल्या उजेडात, मोठ्या आकाराच्या नेगेटिव्हवर, बहुधा एकाच क्लिकमध्ये ते फोटो काढत. मागचा पडदा म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या पलंगावरची झालरीची चादर टांगली. पुढे दर दोन-तीन वर्षांनी पडदे बदलत गेले आणि पडद्यावरूनच कोणता फोटो केव्हाचा हे त्यांना सांगता येई. स्टुडिओत युरोपीय सूट, टाय, हॅट, मनगटी घड्याळं, फाउंटन पेन, रेडिओ, स्कूटर असा सरंजाम असे. गिऱ्हाईक त्यातलं हवं ते घेई, किंवा घरूनच नटून येई. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात एक स्त्री चौकड्यांच्या चादरीवर कोपर टेकून रेलली आहे. चादरीच्या चौकड्या, तिच्या झग्यावरची नक्षी आणि पडद्यावरची वेलबुट्टी एकमेकींना अक्षरशः भिडतात. तरी नजर स्थिरावते ती तिच्या चेहऱ्यावर, कारण हा सगळा थाट तिने स्वतः मांडला आहे आणि ती त्यात निवांत आहे.

याच खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र उलटं घडलं होतं, आणि त्यात आपल्याकडची माणसं होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झांझिबारमध्ये ए. सी. गोम्स आणि जे. बी. कुतिन्हो या मूळच्या गोवेकर छायाचित्रकारांचे स्टुडिओ चालत. तिथल्या कित्येक चित्रांची पोस्टकार्डं झाली आणि ती युरोपीय प्रवाशांनी विकत घेतली. त्यांवरच्या नटलेल्या स्त्रियांना नाव नसे. ‘स्वाहिली स्त्री’ एवढंच छापलेलं असे. तिचा पोशाख एका जमातीचा नमुना ठरला, तिची आवडनिवड पुसली गेली. केइतांची गिऱ्हाइकं आणि ही पोस्टकार्डं यांमधली ओढाताण आजही संपलेली नाही.

केइतांनंतरच्या पिढीने गिऱ्हाइकाची ही सत्ता आणखी वाढवली. मलिक सिदिबे यांनी साठच्या दशकात बामाकोतल्या तरुणांच्या नाचाच्या पार्ट्या टिपल्या. २००७ साली व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरव ‘गोल्डन लायन’ मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार आणि पहिले आफ्रिकन. नायजेरियात जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८पासून स्त्रियांच्या केशरचनांची जवळजवळ हजार चित्रं घेतली. अनेक चित्रांत चेहरा नाहीच. पाठमोऱ्या मानेवर उभा असतो तो वेणी घालणारीच्या बोटांचा हिशेब. सॅम्युएल फोसो तर तेराव्या वर्षी, १९७५ साली, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात स्टुडिओचे मालक झाले. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोटो काढून उरलेल्या फिल्मवर ते स्वतःचे फोटो काढत आणि नायजेरियातल्या आजीला पाठवत. गायक प्रिन्स निको म्बार्गाच्या फोटोंवरून शिंप्याकडून शिवून घेतलेले कपडे, उंच टाचांचे बूट, अंगाला घट्ट बसलेली पँट. मॉडेल, स्टायलिस्ट आणि छायाचित्रकार हे सगळं तोच पोरगा होता. आज ज्याला आफ्रिकन स्टायलिंग म्हणतात त्याचा पाया मला इथे दिसतो.

आजचं सगळ्यात जिवंत काम स्टायलिस्टच्या हातून होतं आहे, हे ठामपणे म्हणायला हवं. सिएरा लिओनमध्ये जन्मलेला इब्राहिम कमारा आणि दक्षिण आफ्रिकेची छायाचित्रकार क्रिस्टिन-ली मूलमन यांनी २०१६ साली ‘२०२६’ ही मालिका केली आणि ती लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये मांडली. दहा वर्षांनंतरचा आफ्रिकन पुरुष कसा वावरेल, हा तिचा विषय. त्यासाठी कमाराने जोहान्सबर्गमध्ये टाकून दिलेले, जुन्या बाजारातले कपडे गोळा केले, कापले, जोडले आणि बायकांचे-पुरुषांचे असा भेद न ठेवता मुलांच्या अंगावर घातले. पश्चिमेने वापरून फेकलेले कपडे गासड्या भरभरून आफ्रिकेत येतात. घानातल्या अक्राचा कांतामांतो बाजार त्यावरच उभा आहे. जे कापड दान किंवा कचरा म्हणून आलं, त्यातून इतका डौल उभा राहिला. पुढे कमारा २०२१ साली ‘डेझ्ड’ मासिकाचा प्रमुख संपादक झाला.

लागोसमध्ये स्टीफन तायो रस्त्यावरच्या माणसांचे फोटो घेतो. योरुबा प्रदेशात जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वाधिकांत मोडतं, आणि जुळ्यांना एकसारखं नटवण्याची रीत आहे. तायोच्या ‘इबेजी’ मालिकेतली मोठी झालेली जुळी भावंडं तेच कापड अंगावर घेऊन उभी असतात, पण खांद्याचा कल, हाताची घडी वेगळी. दोन माणसं एकाच कपड्यात आपापली जागा शोधतात. लाकिन ओगुनबान्वोने नायजेरियातल्या निरनिराळ्या समाजांच्या नववधू टिपल्या आहेत. चेहऱ्यावर आच्छादन, अंगावर लग्नाचा सगळा साज. चेहरा झाकल्यावर वस्त्रांचा आणि दागिन्यांचा भार केवढा आहे, हे पाहणाऱ्याला जाणवतं. लग्नाला सगळ्या गोताने एकाच कापडाचे कपडे शिवायचे, ही तिथली प्रथा. लागोसचे लग्नाचे छायाचित्रकार ते रंग रोज हाताळतात, आणि कला-महोत्सव त्यांना ढुंकूनही विचारत नाहीत. ही मला मोठी उणीव वाटते.

आता दुबळ्या बाजूकडे वळतो. ‘आफ्रिकन’ म्हटलं की भडक मेणछपाईचं कापड, एकरंगी भिंत, तेलकट चकाकणारी त्वचा, सरळ कॅमेऱ्यात रोखलेली नजर: हा साचा आता इतका रुळला आहे की चित्र नैरोबीचं की डाकारचं हे कळत नाही. या मेणछपाईचा सगळ्यात नामांकित कारखाना व्हिलस्को नेदरलँड्समधल्या हेल्मंडचा, १८४६ साली सुरू झालेला, आणि त्याची छपाई जावाच्या बाटिकवरून घेतलेली. आफ्रिकन स्त्रियांनी हे कापड आपलंसं केलं, त्याला आपले अर्थ दिले, हे खरंच आहे. पण छायाचित्रकार त्याला ओळखपत्रासारखं वापरतो तेव्हा तो आळस असतो. केनियाच्या थांडिवे मुरिऊने ‘कॅमो’ मालिकेत हाच धोका विषय केला: झग्याचं आणि पार्श्वभूमीचं कापड एकच, चष्मा घरातल्या वस्तूंचा, आणि बाई नक्षीत विरघळत चाललेली. तिच्या चित्रांत माणूस हरवण्याचा प्रश्न आहे. तिच्या अनुकरणकर्त्यांच्या चित्रांत उरते ती नक्षी. नैरोबीच्या ‘नेस्ट कलेक्टिव्ह’ने २०१७ साली ‘नॉट आफ्रिकन इनफ’ हे पुस्तक काढलं, ते याच अपेक्षेला उत्तर म्हणून. केनियाचे डिझायनर साधे रंग आणि स्वच्छ रेषा निवडतात म्हणून ते कमी आफ्रिकन कसे, असा त्याचा रोकडा सवाल आहे.

एका ठिकाणी माझी कसोटी अपुरी पडते, तेही सांगायला हवं. काँगोतल्या ब्राझाव्हिलच्या बाकोंगो भागातले ‘सापर’, म्हणजे ऐटबाज पोशाखाचं व्रत घेतलेले पुरुष, आपला सूट, आपले मोजे, पोशाखात तीनच रंग ठेवण्याचा नेम, सगळं स्वतःच ठरवतात. त्यांना काँगोच्या बोदुआं मुआंदाने २००८ साली टिपलं. जगभर गाजलं ते मात्र इटालियन छायाचित्रकार डॅनिएले तामान्यी यांचं २००९चं पुस्तक, आणि त्यावरून ब्रिटिश डिझायनर पॉल स्मिथने कपड्यांचा संग्रह काढला. तामान्यींनी सापरांना आदराने पाहिलं, यात शंका नाही. तरी निवड सापराची असूनही नाव आणि पैसा दुसरीकडे गेला. म्हणजे कपडा कुणी निवडला, याच्या जोडीला चित्र कुणाच्या नावे राहिलं, हेही विचारायला हवं.

हा प्रश्न संग्रहापाशी जास्त टोचतो. बामाकोचं छायाचित्र-द्वैवार्षिक १९९४पासून भरतं, ‘लागोसफोटो’ २०१०पासून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२२ साली ‘आफ्रिका फॅशन’ हे मोठं प्रदर्शन भरवलं. पण केइतांच्या शेकडो नेगेटिव्ह पॅरिसला गेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांवरून वाद झाले. २०१४ साली बांगीतल्या हिंसाचारात फोसो यांचं घर लुटलं गेलं. नेगेटिव्ह आणि फोटो रस्त्यावर विखुरले आणि तिथे पोचलेल्या पत्रकारांनी ते वेचून वाचवले. एवढी मोठी परंपरा अजून माणसांच्या चांगुलपणावर तगून आहे.

या कलेला प्रतिभेची वानवा नाही. तिला हवी आहेत आपल्याच शहरांत काम सोपवणारी, मानधन देणारी, नियमित छापली जाणारी मासिकं. छायाचित्रकाराच्या शेजारी स्टायलिस्टचं, शिंप्याचं, वेणी घालणारीचं नाव. आणि नेगेटिव्ह ज्या गावात जन्मल्या त्याच गावात जपणारी अभिलेखागारं. हे झालं तर लागोसची मुलगी आपल्या आजीचा पोशाख पाहण्यासाठी पॅरिसचा कॅटलॉग चाळणार नाही, आणि पुढचा स्टायलिस्ट तिथूनच, घरच्याच कपाटातून, सुरुवात करील.