गाभाऱ्यातला हेर : मराठी वेताळकथेतील श्रद्धा आणि सोंग

पंथात शिरलेला हेर हे गुप्तहेरकथेतील एक रुळलेले कथाबीज आहे. बाहेरचा माणूस भक्ताचे सोंग घेऊन पंथात वावरतो, त्याचे विधी पाळतो आणि अखेरीस त्याचे गुपित उघडे करतो. श्रद्धा आत असते व संशय बाहेरून येतो, हे या रचनेमागील गृहीतक होय. मराठी वाचकाच्या परिचयाच्या वेताळकथेने नेमके हेच गृहीतक उलटे केले आहे.

ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा मुखवटाधारी नायक १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भारतीय वाचकांसमोर येऊ लागला. मराठीत तो ‘वेताळ’ झाला. ही माला १९९० मध्ये बंद पडली. कथेनुसार १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एकाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली; पुढे प्रत्येक पिढीत मुलाने बापाचा वेश चढवला. कथानायक हा एकविसावा वेताळ. जंगल मात्र त्याला एकच आणि अमर मानते. कवटीची गुहा, कवटीचे आसन, अंगठीची खूण, त्याचा चेहरा पाहणाऱ्याचा अंत ओढवतो ही समजूत, अशी पंथाची सारी सामग्री येथे सिद्ध आहे. श्रद्धा नाही ती केवळ गाभाऱ्यात बसलेल्याची. आपण मर्त्य आहोत हे त्याला आणि त्याच्या निकटच्या पिग्मी जमातीला ठाऊक असते. या पंथात दैवत हाच हेर आहे.

शहरात जाताना तो लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा घालून ‘वॉकर’ होतो. येथे सोंगावर सोंग चढते. डोळे मात्र वाचकालाही कधी दिसत नाहीत. ही उणीव विचारांचा फुगा भरून काढतो. जंगलाला ऐकू न येणारे मनोगत वाचकाला वाचता येते आणि तो गुपिताचा भागीदार बनतो. हेरकथेतील खरे भय, म्हणजे सोंग घेता घेता श्रद्धा अंगी मुरण्याचे भय, त्यामुळे वेताळकथेत उद्भवतच नाही.

भाषांतरातील नामकरणाने मात्र ही सुरक्षितता डळमळते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील वाचनाचा इतिहास कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांच्या आधारे सांगितला जातो. मुलांचे कॉमिक्सवाचन मात्र स्टेशनवरील ठेले, रद्दीची दुकाने आणि सुट्टीतील अदलाबदल यांवर चाले. या मुलांमध्ये कोकणातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलेही होती. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. चालत राहणारे भूत ही मूळ इंग्रजी कथेतील नायकाची ओळख. तिच्या जागी ‘वेताळ’ हा शब्द आला, तेव्हा अशा वाचकासाठी काल्पनिक आफ्रिकी जंगलातील युक्ती आणि गावच्या राखणदाराची झिजलेली वहाण एकमेकींशेजारी आली. कॉमिक्समध्ये वेशामागचा माणूस दिसतो. मग वहाणांमागे कोण, हा प्रश्न संहिता विचारत नाही. मराठी नामकरणाने मात्र तो विचारण्याची शक्यता निर्माण केली.

सोंगाच्या नैतिकतेचा विचार येथूनच करावा लागतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (१९८९) कार्यकर्ते बनावट भक्त होऊन भोंदू बाबांकडे गेले. तेही पंथात शिरलेले हेरच. पण त्यांचे सोंग स्वतःच्या शेवटाकडे जाते. खरे नाव सांगून सर्वांसमोर भांडाफोड केल्यावाचून ते पुरे होत नाही. त्या उघडेपणाला किंमत असते. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. वेताळाचे सोंग उलट पिढीजात आहे, आणि त्याचा सत्यावर नव्हे तर सुव्यवस्थेवर भर आहे. जंगलात शांतता नांदावी म्हणून जंगलाने अज्ञानात राहावे, ही त्याची अट होय.

ही अट वसाहतवादी कल्पनाशक्तीची आहे, असे म्हणून थांबता येणार नाही. ती मराठी वाचकानेही आनंदाने मान्य केली, कारण विचारांच्या फुग्याने त्याला फसणाऱ्यांच्या रांगेतून उचलून जाणत्यांच्या पंक्तीला बसविले होते. वेताळकथेचे आकर्षण नायकाच्या बळापेक्षा या पंक्तीत अधिक असावे. बालवाचनाच्या समीक्षेने त्या आनंदाची तपासणी करायला हवी. गुपित ठाऊक असणे म्हणजे फसवणुकीतून मुक्त असणे नव्हे.