गाणं सुटलं, आयाळ राहिली

१९३०च्या दशकात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत मार्ज बेल्चर नावाची एक किशोरवयीन नर्तिका स्नो व्हाइटचा पोशाख घालून कॅमेऱ्यापुढे नाचायची. ते चित्रण समोर ठेवून चित्रकार तिची गिरकी, झग्याचा घेर, मानेची लकब अभ्यासायचे. प्रत्येक चौकट जशीच्या तशी गिरवली तर चित्र आखडतं, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. मग मार्जकडून हवं तेवढं घेऊन ते पुढचं आपल्या हाताने काढू लागले. पन्नास वर्षांनी एरियल आणि बेल या नायिकांसाठी शेरी स्टोनर हिने असंच काम केलं. म्हणजे जितंजागतं माणूस या चित्रपटांच्या उगमाशी होतंच. रेषा त्याच्यापासून निघाली आणि त्याला न झेपणाऱ्या ठिकाणी जाऊन पोचली.

गेली पंधराएक वर्षं डिस्ने ती रेषा पुन्हा माणसाकडे, खऱ्याखुऱ्या प्राण्याकडे ओढून आणतो आहे. २०१० मध्ये टिम बर्टनच्या 'ॲलिस इन वंडरलँड'ने अब्ज डॉलरचा पल्ला ओलांडला आणि रिमेकची रांग लागली. २०१७ मध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट', २०१९ मध्ये एकाच वर्षात 'डम्बो', 'अलादीन' आणि 'द लायन किंग', २०२३ मध्ये 'द लिटिल मरमेड'. २०२५ मध्ये 'स्नो व्हाइट' आपटला, पण पाठोपाठ आलेल्या 'लिलो अँड स्टिच'ने पुन्हा अब्जाचा आकडा गाठून दिला. 'मोआना' मुळात २०१६चा. त्याला दहा वर्षंही झाली नव्हती, तोवर त्याच्या रिमेकची घोषणा झाली. धंद्याचं गणित उघड आहे आणि त्यावर मला फार बोलायचं नाही. मला काळजी आहे ती गाण्याची. यांतले बहुतेक मुळात संगीतपट आहेत, आणि रिमेकमध्ये सगळ्यात आधी जायबंदी होतं ते गाणं.

याचं कारण समजून घ्यायचं तर हॉवर्ड ॲशमन या गीतकाराकडे जावं लागतं. तो न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आला होता. संगीतकार ॲलन मेंकनबरोबर त्याने 'द लिटिल मरमेड' (१९८९) आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) घडवले. संगीत नाटकाची परंपरा आता ॲनिमेशननेच चालवावी, असं त्याचं मत होतं. नायिकेला काय हवं आहे, हे पहिल्या काही मिनिटांत गाण्यातून कळलंच पाहिजे, हा त्याचा आग्रह. आणि चित्रातली मुलगी गाऊ लागली की कुणी भुवई उंचावत नाही, हे त्याने नेमकं हेरलं होतं. जिथे खेकडा बोलतो तिथे तो कॅलिप्सोच्या ठेक्यावर गायलाही हरकत नसते, प्रेक्षकाने तेवढी मुभा आधीच दिलेली असते. 'ब्यूटी अँड द बीस्ट' प्रदर्शित होण्याच्या काही महिने आधी, मार्च १९९१ मध्ये, एड्सने ॲशमनचा मृत्यू झाला. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा हा चित्रपट पहिला ॲनिमेशनपट ठरला, ते ॲशमनला पाहायला मिळालं नाही.

प्रेक्षकाने गाण्याला दिलेली ही मुभाच रिमेक काढून घेतो. जॉन फॅवरोचा 'द लायन किंग' जवळून पाहा. मूळ १९९४च्या चित्रपटात छोट्या सिंबाला राजा व्हायची घाई झाल्याचं गाणं आहे. ते सुरू होताच सवानाचं रूपच पालटतं. मागचं आकाश भडक, सपाट रंगांचं होतं, झाडं आणि प्राणी आफ्रिकी नक्षीसारखे होतात, प्राण्यांवर प्राणी चढून मनोरा उभा राहतो आणि तो कोसळतो. जग छाव्याच्या मनासारखं वागू लागतं. २०१९ मध्ये तेच गाणं, तेच शब्द. पण छावे पाणवठ्याजवळून नुसते पळतात. जिराफ जिराफासारखा चालतो, पाणघोडा पाणघोड्यासारखा डुंबतो. निसर्गपट लावून त्यावर कुणीतरी कॅसेट वाजवावी, तसं ते दिसतं. सिंहाचे ओठ गाण्यासाठी घडलेले नाहीत. जबडा उघडतो आणि मिटतो, आणि सूर कुठून तरी बाहेरून येतो. खलनायक स्कारचं कटाचं गाणं मूळ चित्रपटात हिरव्या धुरातल्या तरसांच्या संचलनापर्यंत चढत जायचं. इथे ते पुटपुटल्यासारखं उरकून टाकलं आहे. आणि ज्या प्रेमगीताच्या शब्दांतच रात्र आहे, ते लख्ख उन्हात चित्रित झालं आहे.

विचित्र हे की या चित्रपटात 'लाइव्ह', म्हणजे कॅमेऱ्यापुढे खरंखुरं घडलेलं, असं जवळजवळ काहीच नाही. सुमारे दीड हजार शॉटपैकी खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला शॉट एकच, पहिला सूर्योदय. बाकी सारं संगणकावर घडलेलं. गोल्डन ग्लोबने तर त्याला ॲनिमेशनच्या गटातच नामांकन दिलं. आयाळीचा केस न् केस वाऱ्याने हलावा म्हणून तंत्रज्ञांनी खपून जे काम केलं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण एवढी मेहनत ॲनिमेशन आहे हे लपवण्यात गेली, याचं वाईट वाटतं.

'ब्यूटी अँड द बीस्ट'मधली चहाची किटली घ्या. १९९१च्या मिसेस पॉट्सचं नाक म्हणजे किटलीची तोटी. झाकण म्हणजे टोपी. ती वळली की मायेने वाकल्यासारखी वाटते. २०१७ मध्ये किटली खऱ्या चिनी मातीची दिसायला हवी होती, म्हणून चेहरा तिच्या कुशीवर रंगवलेला आहे आणि तोटी बाजूला, नुसती तोटी. एमा थॉम्पसनसारखी अभिनेत्री आवाज देते तरी त्या भांड्याशी आपली ओळख होत नाही. वस्तू खरी झाली आणि माणूस तिच्यातून निघून गेला.

लांबीही बोलकी आहे. मूळ 'ब्यूटी अँड द बीस्ट' ८४ मिनिटांचा, रिमेक १२९ मिनिटांचा. 'द लिटिल मरमेड' ८३ मिनिटांवरून १३५वर गेला. वाढीव वेळ बहुतेक खुलाशांत जातो. बेलची आई कुठे गेली? त्यासाठी जादूच्या पुस्तकातून पॅरिसला जाऊन प्लेगची साथ बघून यायचं. मूळ चित्रपट पाहताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण गाण्याने मला तेवढी फुरसतच दिली नव्हती.

सगळंच फसलं असं मात्र नाही. रॉब मार्शलच्या 'द लिटिल मरमेड'मध्ये हॅली बेली गुहेत बसून माणसांच्या जगाची आस गाते, तेव्हा रिमेकला स्वतःचं असं काही सापडतं: गाणाऱ्या माणसाचा चेहरा. श्वास भरताना उचलला जाणारा गळा, सूर लावण्याआधीची क्षणभराची भीती. नायिकेचा आवाज हिरावल्यानंतर तिला मनातल्या मनात गाणं देण्याची नवी युक्तीही चांगली. पण त्याच चित्रपटात अर्सुला चेटकिणीच्या गाण्यातलं एक कडवं वगळलंय. बायका गप्प राहिल्या तरच पुरुषांना आवडतात, असं ती एरियलच्या गळी उतरवते, तेच. चेटकीण खोटं बोलणारच, तोच तिचा सापळा. तो पुसल्याने मुलींचं भलं झालं असं मला वाटत नाही. त्यांना सापळा ओळखायची संधी मात्र गेली.

फॅवरोचाच 'द जंगल बुक' (२०१६) मला त्याच्या सिंहापेक्षा जास्त आवडतो, कारण तिथे गाण्यांचा आग्रह कमी आहे. मोगली नदीत तरंगणाऱ्या अस्वलाच्या पोटावर पहुडलेला, आणि दोघं आपल्याच नादात गुणगुणताहेत. अंघोळ करताना माणूस गुणगुणतो, तेवढंच. किपलिंगचं सिवनीचं जंगल आपल्या पेंचला लागून, पण चित्रपट घडला लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत. हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि त्र्याण्णव सालच्या दूरदर्शन मालिकेतला त्यांचाच शेरखान ऐकत वाढलेल्यांसाठी तो पडद्यावरच्या कुठल्याही केसाळ तपशिलापेक्षा जास्त खरा होता. वास्तवाचा हट्ट इथेही एकदा नडलाच. भारतात ओरांगउटान नसतो म्हणून वानरांचा राजा नामशेष झालेल्या महाकाय कपीच्या जातीचा केला, आणि मग त्याच अक्राळविक्राळ कपीला जॅझ गायला लावलं.

या सगळ्यात हाताने चित्र काढणारी माणसं मागे पडली. डिस्नेचा हाताने रेखाटलेला शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट २०११चा 'विनी द पू'. सेकंदाला २४ चौकटी, कधी प्रत्येकीसाठी वेगळं चित्र, कधी दोन चौकटींना मिळून एक. एरिक गोल्डबर्गने काढलेला 'अलादीन'मधला जिनी रॉबिन विल्यम्सच्या एका वाक्यात चार रूपं बदलायचा. विल स्मिथच्या निळ्या, पिळदार देहाला ते जमत नाही. तो माणसाच्या रूपात येतो तेव्हाच मोकळा होतो. ज्यांच्या रेषेवर हे रिमेक उभे आहेत, त्यांच्या हाताला त्याच कंपनीत आता मोठं काम नाही, हे मला फार लागतं.

गाणं रंगायला सगळं खरं दिसावं लागत नाही, हे आपल्याकडे संगीत नाटकाला बसलेल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. बालगंधर्व शालू नेसून रुक्मिणी म्हणून उभे राहायचे, ऑर्गन आणि तबला डोळ्यांसमोर असायचे, 'वन्स मोअर' मिळाला की कथा थांबायची आणि पद पुन्हा व्हायचं. भूल पडायची ती हे सगळं दिसत असताना.

'द लायन किंग'चा एक रिमेक याच वाटेने गेला, आणि तोही डिस्नेनेच पैसे घालून केलेला. १९९७ मध्ये ज्यूली टेमोरने तो ब्रॉडवेवर आणला. तिने सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्यावर ठेवला, चेहऱ्यावर नाही, त्यामुळे गाणारा माणूस आणि सिंह एकाच वेळी दिसतात. दुष्काळ पडतो तेव्हा रंगमंचावरचं निळं रेशमी वर्तुळ मधल्या एका भोकातून हळूहळू आत ओढलं जातं, आणि पाणवठा आपल्या डोळ्यांदेखत आटतो. राजा मुफासा गेल्यावर सिंहिणी शोक करतात. त्या आपल्या मुखवट्यांच्या डोळ्यांना हात लावतात आणि आतून पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या ओढून काढतात, गात गात.