वाचकाच्या हाती दिलेली कथा

21 जून 1992 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक-पुरवणीत कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यांनी पुस्तकांच्या अंताविषयी लेख लिहिला. दुव्यांनी जोडलेली, हवी त्या वाटेने वाचता येणारी कथा त्यांना खुणावत होती. आज पुस्तकं जागच्या जागी आहेत. त्या काळच्या पडद्यावरच्या कथाच उघडेनाशा झाल्या आहेत. म्हणून तो खटाटोप फसला असं मात्र म्हणवत नाही.

मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ घ्या. 1987 मध्ये त्यांनी ती स्टोरीस्पेस या प्रणालीवर रचली. ती प्रणाली घडवणाऱ्यांत ते स्वतःही होते. 1990 मध्ये ईस्टगेट या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने ती फ्लॉपीवर प्रसिद्ध केली. मजकुराचे 539 छोटे तुकडे. पीटर नावाच्या घटस्फोटित माणसाला शंका येते, की सकाळी रस्त्यावर दिसलेल्या अपघातात आपली पूर्वीची बायको आणि मुलगा तर नव्हते? कोणत्या शब्दामागे दुवा आहे याची खूण कुठेही नाही. शिवाय काही तुकडे ठरावीक मजकूर वाचून झाल्याशिवाय उघडतच नाहीत. त्यामुळे वाचक त्याच त्या संभाषणांत, आठवणींत घोटाळत राहतो. पीटरचंही तेच चाललेलं असतं: चौकशीला निघायचं आणि नेमकं विचारायचं टाळायचं. टाळाटाळीचं वर्णन छापील कादंबरीही करील. वाचकाकडूनच ती करवून घेणं या माध्यमाला जमलं, आणि ते अस्सल साहित्यिक यश आहे.

निवड दिली की वाचक मोकळा झाला, ही समजूत या कलेला फार महागात पडली. 2018 च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘बँडरस्नॅच’मध्ये प्रेक्षक नायकाचा नाश्ता ठरवतो, पुढे त्याचं नशीबही. निवडीचा भास हाच त्या चित्रपटाचा विषय, हे मान्य. पण वाट चुकली की चित्रपट मागे आणून पुन्हा विचारतो, आणि निर्णयाला वजनच उरत नाही. त्याआधी 2013 मध्ये झोई क्विन आणि सहकाऱ्यांनी केलेली ‘डिप्रेशन क्वेस्ट’ किती तरी साधी आहे, बहुतांशी मजकुराचीच. नैराश्यातल्या माणसापुढे पर्याय येतात. त्यांतले शहाणपणाचे समोर दिसतात, पण त्यांवर काट मारलेली असते. ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाने ती काट एकदा पाहावी.

खरी दुखरी बाजू टिकण्याची आहे. स्टोरीस्पेसच्या फ्लॉप्यांना जुने मॅक लागतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या व्हँकूव्हर इथल्या प्रयोगशाळेत डीन ग्रिगर यांनी तसे संगणक चालू स्थितीत राखले आणि स्टुअर्ट मोल्थ्रॉप यांच्या साथीने लेखकांना आपापल्या कृती त्यांवर वाचायला लावून त्याचं चित्रण केलं. मोलाचं काम, पण दुसऱ्याचं वाचन पाहणं म्हणजे स्वतः वाट शोधणं नव्हे. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि त्यावर रचलेल्या कितीतरी कविता ब्राउझरमध्ये चालेनाशा झाल्या. ‘बँडरस्नॅच’ही मे 2025 मध्ये नेटफ्लिक्सवरून उतरला.

युनिकोडपूर्व काळातली मराठी संकेतस्थळं आठवतात? विशिष्ट फाँट नसला की पानभर नुसती निरर्थक चिन्हं. तो धडा आपण घेतलेला आहे. क्रिस क्लिमास यांनी 2009 मध्ये आणलेलं ट्वाइन हे दुव्यांच्या कथा रचण्याचं साधन मोफत आहे, प्रोग्रॅमिंग न शिकता वापरता येतं, आणि त्यातून तयार होणारी वेबपानाची फाइल इंटरनेट नसतानाही साध्या ब्राउझरात उघडते, देवनागरीसकट. बरेच डिजिटल दिवाळी अंक मात्र अजून छापील पानांची पीडीएफ वाचकाच्या हाती ठेवतात. संपादकांनी यंदा एका कथाकाराकडून अशी एकच फाइल मागवावी, आणि वाचकाला ती उतरवून स्वतःजवळ ठेवू द्यावी.