कुल्लेर्वोची सुरी

'कालेवाला' या फिनिश महाकाव्याच्या तेहतिसाव्या सर्गांत एक सुरी मोडते आणि तिच्यापायीं एका स्त्रीचा प्राण जातो. हा प्रसंग वाचून पुष्कळ रसिक नाक मुरडतात. गुराख्याच्या रोटांत दगड घालणें दुष्टपणाचें खरें. पण तेवढ्यासाठीं मालकिणीच्या अंगावर अस्वलें व लांडगे घालावे काय, असा त्यांचा सवाल असतो. आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. सुरी म्हणजे काय वस्तु आहे याचा विचार न करतांच तो घेतला जातो.

फिनलंडांतील सुरी म्हणजे लोहारानें ऐरणीवर ठोकून घडविलेलें, जेमतेम तळहाताच्या रुंदीएवढें पातें आणि त्याला बर्चच्या लाकडाची मूठ. पात्याचें शेपूट मुठींत खोलवर, कित्येकदां आरपार, गेलेलें असतें. पातें व मूठ यांमध्यें तलवारीसारखा अडसर नसतो. कारण लाकूड तासणें, मासा साफ करणें, रोट कापणें हींच तिचीं कामें. चामड्याच्या म्यानांत ती कमरेला असते आणि वर्षानुवर्षें वापरून मूठ धन्याच्या हाताची होऊन जाते. आमच्याकडील विळी घराची असते. ही सुरी माणसाची.

कुल्लेर्वोचें कुळ त्याच्या चुलत्यानें, उंतामोनें, कापून काढलें व पोराला गुलाम म्हणून विकलें. बापाची म्हणून उरली ती एवढी सुरी. तिलाच तो आपला एकमेव आप्त मानीत होता. मालकिणीनें खालीं ओट, वर गहूं आणि मध्यें दगड घालून रोट भाजला, तो कापतांना पातें दगडावर आपटून मोडलें. अपमान रोटाचा नव्हे, बापाचा झाला.

आणि हें घडतें कोठें? आकाशाचा घुमट व साम्पो घडविणाऱ्या इल्मारिनेन लोहाराच्या घरीं! त्याच्या भट्टींतून दुसरी सुरी सहज निघाली असती. कुल्लेर्वोच्या मनांत मात्र ती मागण्याचा विचारही येत नाहीं. या न मागण्यांतच कवीची मार्मिकता आहे असें आम्ही समजतों. नवव्या सर्गांत याच लोहाराच्या हातून लोखंड बिघडल्याची कथा आहे: पोलादाला पाणी देतांना मधाऐवजीं गांधीलमाशीनें सर्पविष आणून टाकलें आणि लोखंड आपल्या भावावर उलटलें. तो सर्ग ध्यानांत ठेवून तेहतिसावा वाचावा.

छत्तिसाव्या सर्गांत कुल्लेर्वो तलवारीशीं बोलतो, ती उत्तर देते, आणि तिच्यावरच तो देह ठेवतो. टीकाकारांची भीड या बोलक्या तलवारीस अधिक; आमचें मन त्या मुक्या सुरीकडेच ओढ घेतें.

संकलनकार ल्योन्रोट यांस मात्र एका दोषांतून मुक्त करतां येत नाहीं. १८४९ च्या विस्तृत आवृत्तींत, सुरी मोडून सूड पुरा होतो न होतो तोंच चौतिसाव्या सर्गांत कुल्लेर्वोचे आईबाप जिवंत असल्याचें कळतें! निरनिराळ्या गायकांचीं गीतें जोडतांना राहिलेली ही शिवण उघडी दिसते आणि एकमेव खुणेचा सारा शोक पोकळ ठरूं पाहतो. कर्बी यांचें १९०७ चें इंग्रजी भाषांतर ज्यांच्या हातीं येईल, त्यांनीं तेहतिसावा सर्ग संपतांच पुस्तक निदान एक दिवस मिटून ठेवावें.