सावली कुणाची, कुणावर

या खेपेला पुस्तक बाजूला ठेवून एकाच शब्दाची समीक्षा करतोय. शब्द साधाच आहे: सावली.

मराठीतल्या पांढरपेशा लेखकानं या शब्दाचे फार लाड केले. आईची सावली, गुरूची सावली, अंगणातल्या झाडाची सावली. जे जे गार आणि फुकट मिळतं ते सावली. वाचताना वाटतं, या माणसांना ऊन कधी लागलंच नाही काय?

माझी आई खुरपायला जायची. दुपारी भाकर सोडायची तर रानात आंब्याचं झाड एकच, आणि त्याखाली मालकाचं घोंगडं. ‘तिकडं बांधाला बसा गं,’ तो म्हणायचा. बांधाला बाभळ. बाभळीच्या सावलीतून ऊन चाळणीसारखं गळतं. आई सावलीबरोबर सरकत सरकत भाकर खायची. त्यामुळं हा शब्द ऐकला की मला माया नंतर आठवते, आधी सातबारा आठवतो.

रानात राबणाऱ्याला सावलीचे दोन्ही गुण ठाऊक असतात. बांधावरच्या झाडाची सावली पडते तिथलं ज्वारीचं ताट खुजं राहतं. तेच पानमळ्यात शेवरी नि पांगारा मुद्दाम लावतात, कारण पानवेलीला उघडं ऊन सोसत नाही. एकीला मारते, एकीला तारते. ललित निबंधवाल्यांनी यातली दुसरी तेवढी उचलली.

आणि तिसरी त्यांना दिसलीच नाही. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत पुण्याच्या वेशीत मज्जाव होता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. जातीवरच्या 1932 च्या आपल्या ग्रंथात घुर्ये यांनी ही नोंद केली आहे. 1936 च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेब पेशवाईचा दाखला देतात, तोही सावलीच्या विटाळापासूनच सुरू होतो.

जरा हिशेब मांडा. पुण्यात सूर्याच्या वेळेनं तीन वाजता मे महिन्यात माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडी कमीच भरते. डिसेंबरात तीच जवळजवळ पावणेदोन पट होते. सावली ऋतूगणिक बदलते, पण वेशीवरची वेळ मात्र बारा महिने तीच! आणि याच पुण्यात मेच्या 13-14 तारखेला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली बुडाशी गडप होते. शाळेची पोरं आता काठी रोवून हा ‘शून्य सावली दिवस’ बघतात. त्या घटकेला पेशव्याची आणि झाडूवाल्याची सावली सारखीच नाहीशी होत असणार. पंचांग मांडणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

भाषेत मात्र ती वेस अजून उभी आहे. ‘मी त्याच्या सावलीलाही उभा राहणार नाही,’ असं आपण भांडणात सहज बोलून जातो. आपणसुद्धा! कुणाच्या सावलीपासून दूर राहायचं होतं, कुणाच्या पूर्वजांना हा धाक होता, हे बोलताना आठवत नाही. शब्दकोशात अर्थ एका ओळीत उरकतो. आपल्या लेखकानं तो उसवून बघायला हवा होता. आपण काय केलं? त्यांचीच गार सावली उचलली आणि बाबासाहेबांना वटवृक्ष केलं. चळवळीच्या कवितेतली ही प्रतिमा मला खटकते. वडाखाली माणूस टेकतो, झोपतो. बाबासाहेबांनी तर आपल्याला उठवलं.

त्याहून मोठी खोट पुढं आहे. मागं आमच्या वस्तीत कवितावाचन झालं. एका तरण्या कवीनं रमाईवर कविता वाचली, ‘भीमाची सावली’ या थाटाची. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? मागं बसलेली एक कार्यकर्ती उठली. म्हणाली, ‘सावलीला स्वतःचं अंग नसतं. रमाईला नव्हतं काय? 1920 ते 23 बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा मुंबईतलं घर कुणी चालवलं? सावलीनं?’

सगळे गप्प झाले. घरी येऊन मी पाकिस्तानवरचा ग्रंथ काढला. बाबासाहेबांनी तो रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलाय. त्यात तिच्या मनाच्या थोरपणाबद्दल आहे, शीलाबद्दल आहे, सोबत हाल सोसण्याच्या तयारीबद्दल आहे. सावलीचा उल्लेख नाही. नवऱ्यानं जिला माणूस म्हणून नोंदवलं, तिला आम्ही कवितेत पुन्हा नवऱ्याच्या मागं जमिनीवर लोळवली. वेशीवर आपली सावली मोजणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, आणि घरातल्या बाईला सावली म्हणणं आपल्याला गौरव वाटतो. यावर आपल्या समीक्षेनं आजवर किती पानं खर्ची घातली?

कवी पोरगा प्रामाणिक होता. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिच्याकडं गेला. तो शब्द त्यानं खोडला होता, ओळ अर्धीच लटकत होती.

‘ताई, मग तिथं काय लिहू?’

ती म्हणाली, ‘तिनं थापलेल्या शेण्या लिही.’